संगणक ‘साफ’ करणारी सॉफ्टवेअर : काम केवढे आणि अधिकार केवढा

संगणक मंद झाला की तो ‘साफ’ करून घ्यायचा, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की तिला कोणी प्रश्न विचारत नाही. रायपुरात दुरुस्तीच्या दुकानांत, च्वाइस सेंटरांवर आणि होस्टेलच्या खोल्यांत बहुधा एकच उपाय सांगितला जातो : अमुक क्लीनर टाका, ‘स्कॅन’ दाबा, मग ‘फिक्स ऑल’ दाबा. च्वाइस सेंटर म्हणजे महाराष्ट्रातल्या वाचकांनी आपले सरकार सेवा केंद्र समजावे. आधार, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज अशी वस्तीभरची कागदपत्रे तिथल्या एका संगणकातून जातात. त्यामुळे त्या संगणकावर पूर्ण अधिकार कोणाला दिला आहे, हा प्रश्न एकट्या चालकाचा राहत नाही.

या टिपणात आपण या प्रकारच्या सॉफ्टवेअरची चिकित्सा करणार आहोत. कोणते क्लीनर चांगले आणि कोणते वाईट अशी यादी इथे मिळणार नाही. तपासायचे आहे ते एक प्रमाण : सॉफ्टवेअर जे काम करते त्याच्या मानाने ते किती अधिकार मागते आणि किती विश्वास गृहीत धरते. डिजिटल स्वाक्षरी, हॅश आणि ऑपरेटिंग सिस्टीममधील परवानग्या हे भाग विद्यार्थ्यांचे झाले आहेत असे धरले आहे.

काय साफ होते आणि काय होत नाही

क्लीनरची कामे ठरलेली असतात : तात्पुरत्या फाइली काढणे, ब्राउझरची कॅश आणि कुकी पुसणे, रजिस्ट्री ‘दुरुस्त’ करणे, रॅम ‘मोकळी’ करणे, संगणक सुरू होताना आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम बंद करणे.

यांतले पहिले आणि शेवटचे काम खरोखर उपयोगी आहे. डिस्क भरत आली असेल तर तात्पुरत्या फाइली काढल्याने जागा मिळते, आणि सुरुवातीलाच दहा प्रोग्रॅम उठत असतील तर त्यातले सात बंद केल्याने फरक जाणवतो. पण ही दोन्ही कामे विंडोज स्वतः करते. डिस्क क्लीनअप विंडोज ९८ पासून आहे, आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरमध्येच दिसते, आणि २०१७ पासून विंडोज १० मध्ये स्टोरेज सेन्स आले. बाहेरून काही आणण्याची गरज नाही.

कॅश पुसण्याने वेग वाढत नाही, उलट पुढच्या वेळी तीच पाने पुन्हा उतरवावी लागतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला याचा भुर्दंड डेटामध्ये पडतो. रॅम ‘मोकळी’ करणारे बटण चालू प्रोग्रॅमांची पाने मेमरीतून बाहेर ढकलते. आकडा क्षणभर सुंदर दिसतो, आणि प्रोग्रॅमला ती पाने लागली की डिस्कवरून परत आणावी लागतात. पेज फॉल्ट शिकलेल्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगायला नको.

रजिस्ट्रीचा दावा मात्र थोडा सविस्तर पाहू, कारण सगळा व्यापार त्याच्यावर उभा आहे. समजा क्लीनरने सांगितले की रजिस्ट्रीत १,५०० निरुपयोगी नोंदी आहेत. एका नोंदीला उदारपणे २०० बाइट धरले तर एकूण ३,००,००० बाइट, म्हणजे सुमारे ०.३ मेगाबाइट होतात. चार गिगाबाइट रॅमच्या जुन्या संगणकातही हा भाग दहा हजारांत एकाहून कमी भरतो. आता शोधाचा वेळ घ्या. रजिस्ट्री झाडासारखी रचलेली असते. प्रोग्रॅम एखादी नोंद मागतो तेव्हा तो मुळापासून त्या फांदीपर्यंतचा रस्ता धरतो, सगळी नोंदवही पहिल्या पानापासून वाचत नाही. ज्या फांद्यांवर कोणी जातच नाही त्या छाटल्याने बाकीच्या रस्त्यांवरची वाहतूक वेगाने होत नाही. मायक्रोसॉफ्टची अधिकृत भूमिकाही हीच आहे : रजिस्ट्री क्लीनरना आम्ही पाठिंबा देत नाही, आणि त्यांच्यामुळे बिघाड झाला तर विंडोज पुन्हा टाकण्याची वेळ येऊ शकते.

म्हणजे फायदा मोजता येणार नाही इतका थोडा, आणि चूक झालीच तर ती थेट ऑपरेटिंग सिस्टीमच्या मुळाशी.

रायपूरपुरता एक वेगळा मुद्दा नोंदवून ठेवतो. उरला-सिलतरा भागातल्या स्पंज आयर्न कारखान्यांची काळी धूळ शहरात कुठवर येते हे इथे राहणाऱ्याला माहीत आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना पंख्यावर आणि हीटसिंकवर ती बसली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. अशा संगणकाला ब्रश आणि ब्लोअर लागतो. तो फिरवून झाल्यावर वेग वाढतो, आणि त्याच दिवशी टाकलेल्या क्लीनरला श्रेय मिळते.

सापडलेल्या ‘चुका’

क्लीनरचा खरा माल म्हणजे भीतीचा आकडा. लाल अक्षरांत ‘१,४८२ समस्या आढळल्या’ असे दिसले की माणूस घाबरतो. समस्या म्हणजे काय, याची व्याख्या विक्रेत्याच्या हातात असते. एक कुकी ही एक समस्या, एक रिकामी नोंद ही एक समस्या, आणि जिल्हा सहकारी बँकेचा पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम असला तर तीही एकच समस्या. सगळ्यांची बेरीज करून काढलेल्या संख्येला एकक नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत असे उत्तर लिहिले तर गुण मिळणार नाहीत.

याचे सर्वांत उघडे उदाहरण अमेरिकेतले आहे. ऑफिस डेपो या दुकानसाखळीत ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची मोफत तपासणी होई. सुरुवातीला ग्राहकाला चार गोष्टी विचारत : संगणक मंद चालतो का, विषाणूचे इशारे येतात का, मध्येच बंद पडतो का, आपोआप जाहिराती उघडतात का. यांतल्या एकावर जरी खूण झाली तरी अहवालात बाधेची लक्षणे आढळल्याचे छापून येई. मधल्या स्कॅनचा त्या निष्कर्षाशी संबंधच नव्हता. प्रोग्रॅमच्या भाषेत : जर पहिला किंवा दुसरा किंवा तिसरा किंवा चौथा प्रश्न ‘हो’, तर ‘बाधा आढळली’. बाकी सगळी फिरणारी चक्रे आणि पुढे सरकणारी पट्टी ही सजावट. मराठीत ‘हातसफाई’ या शब्दाला जो दुसरा अर्थ आहे तो इथे चपखल बसतो. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत ऑफिस डेपोने २.५ कोटी डॉलर आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने १ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. पाच वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, रेस्टोरो आणि रीइमेज या नावांनी ‘दुरुस्ती’ विकणाऱ्या सायप्रसच्या कंपन्यांनी त्याच आयोगाशी २.६ कोटी डॉलरवर तडजोड केली. म्हणजे पहिल्या दंडाने धंदा थांबला नव्हता.

मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले होते की भीती दाखवून किंवा अतिशयोक्त इशारे देऊन पैसे मागणारे क्लीनर १ मार्चपासून विंडोज डिफेंडर नको असलेले सॉफ्टवेअर म्हणून काढून टाकेल. निर्णय योग्य होता. पण त्याच मायक्रोसॉफ्टने पुढे स्वतःचा पीसी मॅनेजर आणला, आणि २०२४ मध्ये त्यात ‘दुरुस्ती’च्या सूचनांखाली ब्राउझरचे शोधयंत्र पुन्हा बिंग करा अशी सूचना दिसू लागली. दुसऱ्याचे शोधयंत्र निवडणे हा कोणत्या प्रकारचा बिघाड आहे, हे मला कळलेले नाही.

या प्रकाराची तुलना जुन्या सफाईशी करून पाहा. पुण्याच्या क्विक हीलचे कैलास आणि संजय काटकर हे बंधू दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून पुढे आले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला संजय काटकरांनी जी साधने लिहिली ती दुकानात येणाऱ्या बाधित संगणकांसाठी होती, आणि त्यांचे लक्ष्य मायकेलअँजेलोसारखा एखादा नावानिशी माहीत असलेला विषाणू असे. तो ६ मार्चला डिस्कवरील माहिती उद्ध्वस्त करी. साधन चालवले की विषाणू गेला किंवा राहिला, दोन्ही तपासता येई. त्या सफाईला नाव होते, फक्त आकडा नव्हता. पुढे याच कंपनीने पीसीट्यूनर विकला आणि त्यात रजिस्ट्री साफ करण्याची सोयही होती. बाजार कोणत्या दिशेने वळला हे यावरून दिसते.

स्वाक्षरी खरी, फाइल बाधित

येथवरचा भाग वाचून कोणी म्हणेल की बनावट कंपन्या टाळल्या की झाले, नामांकित कंपनीचे क्लीनर वापरावे. २०१७ ची घटना या म्हणण्याला उत्तर देते, आणि सुरक्षा शिकणाऱ्या प्रत्येकाने ती तारखांसह पाठ ठेवण्यासारखी आहे.

सीक्लीनर हे या वर्गातले बहुधा सर्वांत प्रसिद्ध नाव. लंडनच्या पायरिफॉर्म कंपनीचे हे उत्पादन. जुलै २०१७ मध्ये झेक प्रजासत्ताकातल्या अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने पायरिफॉर्म विकत घेतली. १५ ऑगस्ट २०१७ रोजी सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती बाहेर पडली. तिच्या ३२ बिटच्या फाइलमध्ये कोणीतरी आपला संकेत आधीच मिसळलेला होता. जवळपास महिनाभर ही फाइल अधिकृत ठिकाणाहूनच उतरवली जात होती. सिस्कोच्या टॅलोस गटाला सप्टेंबरमध्ये ती संशयास्पद वाटली, इस्रायलच्या मॉर्फिसेकनेही अवास्टला सावध केले, आणि १८ सप्टेंबरला प्रकरण जाहीर झाले. ही आवृत्ती वापरणाऱ्यांची संख्या अवास्टने २२.७ लाख सांगितली.

वर्गात आपण डिजिटल स्वाक्षरी शिकवतो तेव्हा फळ्यावर एक वाक्य हमखास येते : स्वाक्षरी वैध असेल तर फाइल मूळ कर्त्याची आहे आणि वाटेत बदललेली नाही. ५.३३ च्या फाइलवर पायरिफॉर्मची वैध स्वाक्षरी होती, सिमँटेकने दिलेल्या प्रमाणपत्राची. फळ्यावरचे वाक्य इथेही खोटे ठरले नाही. फाइल खरोखरच पायरिफॉर्मकडून आली होती आणि वाटेत कोणी तिला हात लावला नव्हता. भेसळ स्वाक्षरीच्या आधी, ती जिथे तयार होत होती तिथे झाली होती. संकेतस्थळावर छापलेला हॅश ताडून पाहिला असता तर तोही जुळला असता, कारण हॅश भेसळीच्या फाइलचाच काढलेला असता. बाटलीचे सील शाबूत होते, पाणी कारखान्यातच गढूळ झाले होते. आपल्या पाठ्यपुस्तकांत या प्रकरणाला दोन ओळी तरी मिळायला हव्यात, कारण सध्याच्या मांडणीमुळे विद्यार्थी ‘कर्ता कोण’ आणि ‘कर्त्यावर भरवसा ठेवावा का’ हे दोन प्रश्न एकच समजतात.

हल्लेखोर आत कसे गेले हे अवास्टने एप्रिल २०१८ मध्ये सांगितले. ११ मार्च २०१७ रोजी पहाटे, म्हणजे विक्रीच्या व्यवहाराच्याही आधी, ते पायरिफॉर्मच्या एका डेव्हलपरच्या संगणकात टीमव्ह्यूअरमधून शिरले. पुढचे काही महिने ते त्या जाळ्यात होते, आणि शॅडोपॅड नावाचे हेरगिरीचे साधन त्यांनी तिथे बसवले. अवास्टने कंपनी विकत घेतली तेव्हा चोर घरात होताच.

मिसळलेला संकेत काय करत होता? संगणकाचे नाव, बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी, चालू प्रक्रिया आणि नेटवर्क कार्डांचे पत्ते गोळा करून तो बाहेर पाठवत होता. या माहितीतून निवड करून पुढचा टप्पा फक्त चाळीस संगणकांवर पाठवला गेला. लक्ष्य मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या होत्या, आणि यादीत सिस्को, इंटेल, सोनी, सॅमसंग अशांची नावे होती. बाकीचे लाखो वापरकर्ते चाळणीत राहिलेला चोथा. ‘माझ्या संगणकात काय आहे चोरण्यासारखे’ असे म्हणणाऱ्याला हे सांगावे : तुमच्याकडे काय आहे हे बघण्यासाठी आधी आत यावे लागते, आणि ते आले होते.

या संकेतातला एक तपशील माझ्या मुद्द्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. काम सुरू करण्याआधी तो पाहत असे की आपल्याला प्रशासकाचे अधिकार आहेत का. नसतील तर तो गुपचूप बंद पडे. पण क्लीनर म्हटले की ‘होय’ दाबून प्रशासकाचे अधिकार देण्याची सवय आपणच लावलेली असते. हल्लेखोरांनी निशाणा म्हणून मजकूर लिहिण्याचे सॉफ्टवेअर न निवडता सफाईचे निवडले, यामागे हा विचार होता की नाही हे सांगता येत नाही, पण निवड त्यांच्या सोयीची ठरली एवढे खरे.

मालक बदलला की करार बदलतो का

२०१७ मध्ये कंपनी स्वतः बळी होती. नंतरच्या काही गोष्टींना ती सबब चालत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात आलेल्या ५.४५ आवृत्तीत पार्श्वभूमीवर चालणारी देखरेख आणि वापराची माहिती पाठवणे बंद करण्याचा सरळ मार्ग ठेवला नव्हता. ओरड झाल्यावर ती मागे घेऊन ५.४४ पुन्हा देण्यात आली. जुलै २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरने सीक्लीनरच्या मोफत इन्स्टॉलरला ‘संभाव्य नको असलेले’ ठरवले, कारण त्याच्यासोबत दुसरी सॉफ्टवेअर बांधून येत होती. आधी कचरा काढण्यासाठी आलेला माणूस जाताना आपली दोन पिशव्यांची सामग्री तुमच्याकडे ठेवून जातो, तसे हे.

सर्वांत गंभीर प्रकरण जंपशॉटचे. ही मुळात संगणक साफ आणि वेगवान करण्याचे साधन बनवणारीच छोटी कंपनी होती. अवास्टने ती २०१३ मध्ये घेतली आणि पुढे तिचे रूप बदलून माहिती विकणारी कंपनी केले. अवास्टची अँटिव्हायरस आणि ब्राउझरची जोडणी वापरणाऱ्या लोकांनी कोणती पाने पाहिली याची तपशीलवार माहिती २०१४ ते २०२० या काळात शंभराहून अधिक ग्राहक कंपन्यांना विकली गेली. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी हे उघड केल्यावर जंपशॉट बंद करण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने १.६५ कोटी डॉलरची रक्कम लावली आणि अशा विक्रीवर बंदी घातली. ज्याच्या जाहिरातीत ‘माग काढणाऱ्यांपासून संरक्षण’ असे लिहिले होते, तोच माग काढत होता. पायरिफॉर्म असो वा जंपशॉट, वापरकर्त्याने विश्वास टाकला तेव्हाची कंपनी आणि नंतरची कंपनी एक नव्हत्या. अपडेट मात्र त्याच चिन्हाखाली येत राहिले.

मुंबईचे ई-स्कॅन आणि आपले स्वच्छता केंद्र

परदेशी कंपन्यांचे हे असेच, देशी वापरावे, असा निष्कर्ष वर्गात लगेच निघतो. म्हणून हे उदाहरण.

२१ फेब्रुवारी २०१७ रोजी केंद्र सरकारने सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. सर्ट-इन ही संस्था ते चालवते. आपल्या देशातले बॉटनेटमध्ये अडकलेले संगणक शोधणे, इंटरनेट सेवा देणाऱ्यांमार्फत त्यांच्या मालकांना कळवणे, आणि बाधा काढण्याचे मोफत साधन देणे, असे त्याचे स्वरूप आहे. त्यावर दिलेल्या साधनांत पुण्याच्या क्विक हीलचे आणि मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीच्या ई-स्कॅनचेही साधन आहे. सफाईचे काम सरकारने आपल्या शब्दांत पहिल्यांदाच नीट मांडले असे मला वाटते : अमुक बॉट आहे, तो काढायचा, संपले.

एप्रिल २०२४ मध्ये गुप्तीमायनर या मोहिमेचा अहवाल आला. तिच्या खुणा २०१८ पर्यंत मागे जातात. ई-स्कॅन अँटिव्हायरसचे अपडेट साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे कूटबद्ध न करता, येत होते. हल्लेखोर वाटेत बसून खऱ्या अपडेटच्या जागी आपले पॅकेज सरकवत, आणि ई-स्कॅनच ते उघडून चालवी. त्यातून मोठ्या संस्थांच्या जाळ्यांत चोरदरवाजे बसवले गेले, आणि काही ठिकाणी आभासी चलन खणणारा प्रोग्रॅमही. शोध लावणाऱ्यांनी ई-स्कॅनला आणि सर्ट-इनला आधीच कळवले होते, आणि दोष दूर केल्याचे ई-स्कॅनने ३१ जुलै २०२३ रोजी कळवले. हा शोध कोणी लावला? अवास्टच्याच संशोधकांनी. त्यामुळे ‘चांगली कंपनी’ आणि ‘वाईट कंपनी’ असे दोन रकाने करून नावे भरू पाहणाऱ्याची इथे पंचाईत होते.

सीक्लीनर आणि ई-स्कॅन या दोन घटना तांत्रिकदृष्ट्या वेगळ्या आहेत. पहिलीत भेसळ स्वाक्षरीच्या आधी झाली, म्हणून स्वाक्षरी तपासून उपयोग नव्हता. दुसरीत भेसळ वाटेत झाली, म्हणजे नेमके जे रोखण्यासाठी कूटबद्ध वाहतूक आणि स्वाक्षरीची तपासणी शोधली गेली तेच रोखले गेले नाही. अभ्यासाच्या दृष्टीने दुसरी चूक अधिक अक्षम्य आहे, कारण उपाय तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे. तरीही दोन्हींचा निकाल मी सारखा देणार नाही. अँटिव्हायरस हे काम खरे आहे. त्यासाठी खोल अधिकार लागतात, रोजचे अपडेट लागतात, आणि तो धोका पत्करण्याला कारण आहे. तिथे मागणी करायची ती वाहिनी दुरुस्त करण्याची. रजिस्ट्री साफ करणाऱ्याला तितकेच खोल अधिकार आणि तितकीच कायमची अपडेट वाहिनी द्यायची, आणि बदल्यात मिळणार ०.३ मेगाबाइट. इथे वाहिनी कितीही सुरक्षित केली तरी सौदा तोट्याचाच राहतो.

बॉट काढण्याचे साधन या दोघांच्या मध्ये बसते आणि माझ्या मते तेच नमुना म्हणून ठेवावे : नावाने माहीत असलेले काम, एकदा चालवायचे, अहवाल वाचायचा, आणि काढून टाकायचे. कायम घरात राहायला येत नाही.

मोबाइलवरच्या क्लीनरबद्दल थोडक्यात. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली जी ५९ अ‍ॅप बंद केली, त्यांत क्लीन मास्टर, डीयू क्लीनर, व्हायरस क्लीनर ही सफाईवालीही होती. चर्चा टिकटॉकची झाली. क्लीन मास्टर बनवणाऱ्या चीता मोबाइलची अ‍ॅप तर गूगलने त्याआधीच, फेब्रुवारी २०२० मध्ये, त्रासदायक जाहिरातींवरील कारवाईत प्ले स्टोअरवरून काढली होती. बंदीचे कारण देशाची सुरक्षा आणि सार्वभौमत्व हे होते. बॅटरी वाचवतो म्हणून संपर्क, ठिकाण आणि फोटो मागणारे अ‍ॅप मुळात कशासाठी हवे, हा प्रश्न त्या बंदीने विचारला नाही आणि वापरकर्त्यांनीही नाही. एक गेले, त्याच जागी दुसऱ्या देशाचे आले.

फुकटच्या ‘प्रो’ आवृत्त्या

होस्टेलवर क्लीनरची मोफत आवृत्ती क्वचितच वापरली जाते, ‘प्रो’चा क्रॅक पेनड्राइव्हवर फिरतो. जून २०२२ मध्ये फेकक्रॅक नावाची मोहीम उघड झाली. शोधयंत्रात सीक्लीनर प्रोचा क्रॅक शोधणाऱ्यांना वरच्या निकालांतून पासवर्ड लावलेली झिप फाइल दिली जात होती. पासवर्ड बहुधा १२३४ सारखा साधा, आणि तो लावण्याचे कारण इतकेच की अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये. आत पासवर्ड, कार्डांची माहिती आणि आभासी चलनाची पाकिटे चोरणारा प्रोग्रॅम होता. या मोहिमेचा जोर जिथे दिसला त्या देशांत ब्राझील, इंडोनेशिया आणि फ्रान्ससोबत भारत होता. क्रॅकसोबतच्या सूचनांत ‘आधी डिफेंडर बंद करा’ असे लिहिलेले असते. त्या ओळीपाशी थांबून विद्यार्थ्याने स्वतःलाच विचारावे की पहारेकऱ्याला सुट्टी द्यायला कोण सांगते. आणि हे सर्व अशा सॉफ्टवेअरसाठी, ज्याची सशुल्क आवृत्तीही फारसे काही करत नाही.

प्रात्यक्षिक

हे सगळे शब्दावर मान्य करू नये. प्रयोगशाळेत एका आभासी यंत्रावर विंडोज बसवून त्याची स्थिती जतन करावी. प्रयोगशाळेच्या किंवा स्वतःच्या नेहमीच्या संगणकावर हा प्रयोग करू नये. संगणक सुरू होण्याचा वेळ पाच वेळा मोजून सरासरी आणि कमाल-किमान फरक लिहावा. मग कोणतेही एक क्लीनर त्याच्या अधिकृत ठिकाणाहून टाकावे, पण ‘फिक्स’ दाबण्याआधी प्रोसेस मॉनिटर आणि वायरशार्क चालू करावेत. कोणत्या फाइली आणि नोंदी वाचल्या, कोणत्या पत्त्यांशी संपर्क झाला आणि किती बाइट बाहेर गेले, याची नोंद घ्यावी. सफाईनंतर पुन्हा पाच वेळा वेळ मोजावा. दोन सरासरींमधला फरक हा पहिल्या पाच मोजमापांच्या आपापसांतील फरकाहून मोठा आहे का, एवढेच पाहायचे आहे. क्लीनरने सांगितलेला ‘समस्यां’चा आकडा वहीत लिहावा आणि त्यापुढे त्यातल्या कोणत्याही दहा समस्यांची नावे व प्रत्येकीने होणारे नेमके नुकसान लिहावे. ज्या समस्येचे नुकसान लिहिता येत नाही तिथे रकाना रिकामा सोडावा.

निरीक्षण घाईने आटोपू नये. सीक्लीनर ५.३३ मधला संकेत काम सुरू करण्याआधी ६०१ सेकंद नुसता थांबत असे. पाच मिनिटांत वायरशार्क बंद करणाऱ्याला त्या फाइलमध्ये काहीच दिसले नसते, आणि मर्यादित अधिकारांच्या खात्यातून चालवणाऱ्याला तर कितीही वेळ बसून दिसले नसते. म्हणून निरीक्षण दोनदा करावे, एकदा साध्या खात्यातून आणि एकदा प्रशासकाच्या, प्रत्येकी किमान वीस मिनिटे, आणि दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी मांडाव्यात.